विस्थापितांचे पाणी आणि उशिरा येणारी कावीळ

पूर ओसरला की पुराची बातमीही ओसरते. पंचनामे होतात, मदतीचे आकडे जाहीर होतात, शाळांत आणि देवळांत आसऱ्याला आलेली माणसे आपापल्या घरांतील चिखल उपसण्यासाठी परततात आणि शासनयंत्रणा सुटकेचा निःश्वास टाकते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर जिल्ह्याला असाच तडाखा दिला. माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, हजारो माणसांना घरे सोडून उंचावर जावे लागले, विहिरी आणि कूपनलिका गढूळ पाण्याने भरून गेल्या. अशा वेळी साथीच्या रोगांची काळजी घेतली जाते, पण ती बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांची असते. जुलाब, उलट्या, ताप यांचे रुग्ण वाढले नाहीत, म्हणजे संकट टळले, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष नेहमीच बरोबर असतो असे नाही. दूषित पाण्यातून पसरणारा एक रोग असा आहे की तो दहा दिवसांत दिसत नाही. आज पोटात गेलेला त्याचा विषाणू सरासरी पाच ते सहा आठवड्यांनी, क्वचित दहा आठवड्यांनीही, डोळ्यांच्या पिवळेपणातून प्रकट होतो. तोवर पाणी नितळलेले असते, टँकर परत गेलेले असतात आणि ज्याने ते पाणी प्यायले तो माणूस कदाचित दुसऱ्याच तालुक्यात पोचलेला असतो. हा रोग म्हणजे ‘ई’ प्रकारची कावीळ. घर असलेल्या माणसाच्या बाबतीत हा विलंब केवळ निदानाची अडचण ठरतो. ज्याला घरच राहिलेले नाही त्याच्या बाबतीत मात्र याच विलंबामुळे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विरून जातो. सोलापूरसारख्या जिल्ह्याने या रोगाचा विचार करायचा तो याच अंगाने करावयास हवा.

दिल्लीची साथ आणि पुण्याची प्रयोगशाळा

या रोगाची ओळख पटण्याचा इतिहास बराचसा भारतातच घडला आहे, आणि त्याची सुरुवातही एका पुरानेच झाली. १९५५ च्या पावसाळ्याअखेरीस यमुनेला पूर आला. पुरानंतर नदीचा प्रवाह वझिराबाद येथील पाणी-उपसा केंद्रापासून दूर सरकला आणि नजफगड नाल्यातील मैलापाणी त्या केंद्रापर्यंत पोचले. ही गोष्ट लक्षात येताच अधिकाऱ्यांनी पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवली. त्याचा परिणामही दिसला. ज्या रोगांची भीती होती ते जिवाणूजन्य आतड्यांचे विकार फारसे वाढले नाहीत. सर्वांना हायसे वाटले. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीत काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण निघाले. जिवाणू मेले होते, विषाणू मात्र नळांतून घरोघर गेला होता.

त्या काळच्या वैद्यकशास्त्राला काविळीचे दोनच मुख्य प्रकार ठाऊक होते. एक अन्नपाण्यातून होणारा, दुसरा रक्तातून पसरणारा. पुढे त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ ही नावे मिळाली. दिल्लीची साथ साहजिकच पहिल्या प्रकारात घातली गेली. तरीही काही गोष्टींचा मेळ बसत नव्हता. भारतातील बहुतेक मुलांना ‘अ’ प्रकारची लागण लहानपणीच होऊन जाते आणि त्यांना जन्मभराचे संरक्षण मिळते. मग ऐन तारुण्यातील माणसे इतक्या मोठ्या संख्येने का आजारी पडली? आणि त्यांतही गर्भवती स्त्रियाच अधिक का दगावल्या?

या प्रश्नांचे उत्तर मिळण्यास पंचवीस वर्षे लागली. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेली विषाणू संशोधन संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने दिल्लीच्या साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले. त्यांच्या जोडीला अहमदाबाद आणि पुणे येथील नंतरच्या साथींतील नमुनेही होते. १९८० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: ही कावीळ ‘अ’ही नव्हती आणि ‘ब’ही नव्हती. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८-७९ च्या साथीच्या अभ्यासातून हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. १९८३ साली मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला, कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच विष्ठेत हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १९९० च्या सुमारास त्याची जनुकीय रचना हाती आली आणि ‘ई’ हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्राला हा पाहुणा अपरिचित नाही. कोल्हापूर शहरात १९८१ साली पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचा पुण्याच्या याच संस्थेने तपशीलवार अभ्यास केला. पुढे २०१२ साली इचलकरंजी या यंत्रमागांच्या शहरात याच रोगाने अनेकांचे बळी घेतले. उत्तरेत कानपूर येथे १९९१ साली तर सुमारे ७९,००० लोकांना बाधा झाल्याचा अंदाज अभ्यासकांनी नोंदवला. नद्या वेगळ्या, शहरे वेगळी. पण कारण सर्वत्र एकच आहे. माणसाची विष्ठा माणसाच्या पिण्याच्या पाण्यात मिसळली.

या रोगाचे एरवीचे रूप सौम्य असते. बहुतेक रुग्ण विश्रांतीने काही आठवड्यांत बरे होतात. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. रोगाच्या या एका गुणधर्मामुळे तो साध्या काविळीच्या पंक्तीतून उठून गंभीर सामाजिक प्रश्नांच्या पंक्तीत येऊन बसतो.

छावणीतील रोग

गेल्या काही दशकांत या रोगाने आपला मुक्काम मोठ्या शहरांबरोबरच निर्वासितांच्या छावण्यांतही हलवला आहे. सुदानच्या दार्फुर प्रांतात यादवीमुळे लाखो लोक परागंदा झाले. त्यांपैकी सुमारे ७८,००० लोक मोर्नाय येथील छावणीत राहत होते. २००४ च्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत तेथे या काविळीचे २,६२१ रुग्ण नोंदले गेले. पंचेचाळीस मृत्यू झाले आणि त्यांतील एकोणीस गर्भवती स्त्रिया होत्या. गर्भवतींचे प्रमाण कोणत्याही वस्तीत थोडेच असते. मृतांत मात्र ते जवळजवळ निम्म्यावर गेले.

मोर्नायच्या पाहणीतील आणखी एक निष्कर्ष मनन करण्याजोगा आहे. नदीनाल्यांचे उघड्यावरचे पाणी क्लोरीन टाकून ज्यांना दिले जात होते त्यांच्यात हा रोग होण्याचा धोका अधिक आढळला. म्हणजे दिल्लीचा १९५५ चा अनुभव निम्म्या शतकानंतर वाळवंटात पुन्हा आला. क्लोरीन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. पुरेशी मात्रा, पुरेसा वेळ आणि नितळ पाणी या तिन्ही गोष्टी जुळल्या तर तो या विषाणूलाही नष्ट करतो. पण पाणी गढूळ असेल तर पावडरीचा जोर त्यातील गाळावरच खर्ची पडतो. आधी पाणी निवळायचे, मग निर्जंतुक करायचे आणि मुळात विष्ठा त्यात जाऊच द्यायची नाही, हा क्रम आहे. छावणीत घाईगर्दीमुळे बहुधा मधलीच पायरी उरते.

दक्षिण सुदानमधील बेंतिऊ येथील कथा आणखी बोलकी आहे. यादवीतून पळालेल्या लोकांसाठी डिसेंबर २०१३ नंतर उभी राहिलेली ती तात्पुरती वस्ती वर्षानुवर्षे टिकली. तीत एक लाखाहून अधिक लोक राहू लागले. २०२१ च्या महापुराने भोवतालचा मुलूख पाण्याखाली घातला आणि काविळीने पुन्हा डोके वर काढले. अखेर २०२२ साली तेथील सरकारने आणि डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने या रोगाची लस टोचण्याची मोहीम हाती घेतली. चालू साथ रोखण्यासाठी ही लस वापरण्याचा जगातील तो पहिलाच प्रसंग होता आणि गर्भवतींनाही ती देण्यात आली. चीनने या लशीला २०११ सालीच परवानगी दिली होती. म्हणजे लस हाती असूनही ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती त्यांच्यापर्यंत पोचण्यास तिला एक दशक लागले.

जगभरच्या अनुभवातून छावण्यांसाठी काही किमान मापे ठरली आहेत. माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी, एका नळावर अडीचशेहून अधिक माणसे नकोत, वीस माणसांमागे एक शौचालय, ते राहत्या जागेपासून पन्नास मीटरांच्या आत आणि विहिरीपासून किमान तीस मीटर दूर. या मापांत असाध्य असे काही नाही. आपल्या देशातही २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमाने मदत छावण्यांतील निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सोय आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवण्याचे काम राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपवले आहे. अडचण मापांची नाही. विस्थापित कोणाला म्हणायचे, ही खरी अडचण आहे.

दरसालचे विस्थापित

विस्थापित म्हटला की युद्धातून पळालेला निर्वासित डोळ्यांपुढे येतो. सोलापूर जिल्ह्याला मात्र विस्थापनाची अनेक रूपे ठाऊक आहेत. ज्या उजनीच्या जलाशयावर आज शहराची तहान आणि जिल्ह्याची शेती अवलंबून आहे, त्या जलाशयाखाली भीमाकाठची अनेक गावे गेली. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडण्यासाठी घराबाहेर पडले. २०१९ च्या टंचाईत सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांतील कित्येक कुटुंबांतील कोणी ना कोणी जनावरांबरोबर चारा छावणीत मुक्कामाला होते. आणि या साऱ्यांहून नियमित असे एक विस्थापन दर वर्षी दिवाळीच्या सुमारास घडते. ते इतके नियमित आहे की त्याला विस्थापन म्हणण्याचेच कोणाला सुचत नाही. ते म्हणजे ऊसतोडणी कामगारांचे.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. बीड, धाराशिव, अहिल्यानगर अशा कोरडवाहू भागांतून आणि खुद्द सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना या व्यवहारात ‘कोयता’ असे म्हणतात, मुलाबाळांसह पाच-सहा महिन्यांसाठी घर सोडतात. कारखान्याच्या गाडीतळावर किंवा उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. पाणी कधी कारखान्याच्या टाकीचे, कधी शेतकऱ्याच्या विहिरीचे, कधी कालव्याचे. शौचास जायचे ते उसाच्या आडोशाला. पहाटे अंधारात फडावर जायचे आणि गाडी भरून रिकामी होईपर्यंत रात्र व्हायची. बायका गरोदर असल्या तरी कामाला खंड नसतो, कारण उचल जोडप्याने घेतलेली असते आणि ती दोघांनी फेडायची असते.

आता या जीवनक्रमाशेजारी रोगाचे वेळापत्रक ठेवून पाहावे. एखाद्या फडावर नोव्हेंबरच्या मध्यास विहिरीतील दूषित पाणी पोटात गेले, तर कावीळ दिसेल ती नाताळच्या सुमारास. तोवर टोळी तेथून हललेली असेल. हंगामाच्या शेवटी, मार्चमध्ये लागण झाली, तर कावीळ होईल ती गावी परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये, दोनशे किलोमीटर दूर. गावातील आरोग्य केंद्रात तो एकटा-दुकटा रुग्ण ठरेल. साथ ओळखायची तर एकाच जागचे अनेक रुग्ण एकाच वेळी दिसावे लागतात. येथे एकाच विहिरीचे पाणी प्यालेली माणसे दहा गावांत विखुरलेली असतात. एकाच घटनेचे दहा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा क्षुल्लक दिसतो. रोगाचे सर्वेक्षण गावाच्या आणि पाड्याच्या नावाने चालते. फडाला नाव नसते आणि गाडीतळाला घरक्रमांक नसतो.

ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर पडते. तिचा जलसुरक्षक पाण्याची ओ.टी. टेस्ट करतो. पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्डही मिळते. ही व्यवस्था महाराष्ट्राने मेहनतीने उभी केली आहे आणि तिचा अभिमान बाळगावा अशीच ती आहे. पण ती गावासाठी आहे. उसाच्या कडेची खासगी विहीर भिजवणीची असते. तिच्यावर पन्नास माणसे सहा आठवडे तहान भागवतील, असे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

त्यात पुराची भर पडली की धोका दुणावतो. सप्टेंबरअखेरीस सीनेचे पाणी ज्या विहिरींत शिरले त्याच पट्ट्यात नोव्हेंबरपासून ऊसतोडणी सुरू होते. पूरग्रस्त परत घरी जातो आणि त्याच्याच शेतात दुसरा विस्थापित येऊन उतरतो. पहिल्याच्या वाट्याला आलेले गढूळ पाणी दुसऱ्याच्या हंड्यात येते. पहिल्याची नोंद निदान पंचनाम्यात असते. दुसऱ्याची नोंद मुकादमाच्या वहीत असते, आणि त्या वहीत उचल लिहितात, आजार लिहीत नाहीत.

पंढरीचा धडा

इतक्या फिरत्या लोकांची व्यवस्था करणे व्यवहारात अशक्य आहे, असे यावर म्हटले जाते. हा आक्षेप सोलापूर जिल्ह्यात तरी टिकणारा नाही. कारण याच जिल्ह्यात दर आषाढीला दहा लाखांहून अधिक माणसे पायी आणि वाहनांनी येऊन उतरतात, आणि त्यांच्या पाण्याची, शौचालयांची व दवाखान्यांची व्यवस्था होते.

हे नेहमी असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात पंढरीची यात्रा आणि पटकी यांचे नाते सरकारी आरोग्य अहवालांतील कायमचा विषय होते. चंद्रभागेच्या वाळवंटाची यात्राकाळात होणारी दुर्दशा अलीकडेपर्यंत सर्वांनी पाहिली आहे. मानवी विष्ठा माणसांकरवी उचलण्याच्या अमानुष प्रथेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने कान उपटले आणि मग हालचाल झाली. पासष्ट एकरांच्या तळावर राहुट्यांसाठी आखलेल्या जागा, नळ आणि शौचालये आली. पालखीमार्गावर ‘निर्मल वारी’च्या उपक्रमातून फिरती शौचालये मुक्कामाच्या गावी आधीच उभी राहू लागली. वाटेवरच्या विहिरी यात्रेपूर्वी निर्जंतुक होतात, टँकर कोठून भरायचे ते ठरलेले असते, वैद्यकीय पथके नेमलेली असतात. वारकरी हाही आपल्या घरापासून दूर, रोज नव्या मुक्कामी असलेला माणूसच आहे. फिरत्या माणसाला स्वच्छ पाणी देता येते, हे या जिल्ह्याने स्वतःच सिद्ध केले आहे.

मग फरक कोठे पडतो? वारीची तिथी पंचांगात असते. पण गळीत हंगामाची तारीखही सरकारच ठरवते. वारीची वाट ठरलेली असते. पण कोणत्या दिवशी कोणत्या गटातील ऊस तोडायचा याचा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असतोच. उसाचे कांडेन् कांडे कोणत्या शिवारातून येणार हे ज्या खात्याला ठाऊक असते, त्याला ते तोडणारी माणसे कोणत्या विहिरीचे पाणी पितात हे कळणे अवघड नाही. माहितीचा अभाव हे कारण नव्हे. वारकऱ्याची सोय ही जिल्ह्याच्या प्रतिष्ठेची बाब मानली जाते, तोडकऱ्याची मानली जात नाही, इतकाच फरक आहे. वास्तविक जो जिल्हा वारकऱ्याच्या पायांवर पाणी घालतो, त्याने आपला ऊस तोडणाऱ्या गरोदर बाईला नितळ पाण्याचा हंडा देऊ नये, ही त्या परंपरेशीच विसंगती आहे.

जबाबदारी कोणाची?

कारखाना म्हणतो, हे कामगार मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पाणी देणे शेतकऱ्याचे काम. शेतकरी म्हणतो, ऊस कारखान्याचा झाला, माणसेही त्याचीच. ग्रामपंचायत म्हणते, ही माणसे आमच्या मतदारयादीत नाहीत. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच हा गुंता सुटत नाही. तो सोडवण्याची वाट कायद्याने फार पूर्वी दाखवली होती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात असे तत्त्व मांडले गेले की पिण्याचे पाणी, शौचालय यांसारख्या सोयी कंत्राटदाराने द्याव्यात. त्याने त्या दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्याव्यात आणि खर्च कंत्राटदाराकडून वसूल करावा. म्हणजे आपसातील हिशेब मागाहून होवो, तहान मात्र थांबू नये. कायद्यांची नावे आणि कलमे बदलत राहतात, पण हे तत्त्व जुने होणारे नाही. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्याने तो तोडणाऱ्याच्या पाण्याची पहिली हमी घ्यावी, हे न्यायाला धरूनच आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल. सहकारी कारखान्यांची आर्थिक ओढाताण खोटी नाही आणि उसाच्या दराची रस्सीखेच दरसाल सर्वांना दिसते. तथापि येथे मागणी नव्या धरणाची किंवा मोठ्या जलशुद्धीकरण प्रकल्पाची नाही. गाडीतळावर झाकलेली टाकी आणि तोटी, तीत रोज मोजून टाकलेला क्लोरीन, गढूळ पाणी असेल तर आधी तुरटीने निवळण्याची सोय, पाण्यापासून दूर असलेली तात्पुरती शौचालये आणि फडावरच्या टोळ्यांसाठी एक टँकर, एवढ्याने बराच पल्ला गाठता येईल. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला देणे सोपे आहे. पण पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या बाईने दहा माणसांचे पाणी कोणत्या जळणावर आणि कोणत्या वेळी उकळावे, हेही सल्ला देणाऱ्याने सांगावे.

लशीवर विसंबून राहणेही तितकेच फसवे ठरेल. ती उपयुक्त आहे यात शंका नाही, आणि साथीच्या काळात गर्भवतींसाठी तिचा विचार आपल्या देशानेही करावयास हवा. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. पण तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत घ्याव्या लागतात. ऊसतोडणीचा सारा हंगाम तेवढाच असतो. पहिली मात्रा एका जिल्ह्यात आणि तिसरी दुसऱ्यात, असा हिशेब ठेवण्यासाठीही शेवटी त्या माणसाचा ठावठिकाणा ठेवावाच लागेल. आणि लशीने काविळीचा एक विषाणू अडेल. त्याच पाण्यातून येणारे विषमज्वर आणि अतिसार अडणार नाहीत.

म्हणून पहिली गरज नोंदीची आहे. टोळी जिल्ह्यात उतरल्या दिवशी कारखान्याने तिची संख्या, मुक्काम, पाण्याचा स्रोत आणि गर्भवती स्त्रियांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी आणि टोळी हलली की नवा मुक्काम कळवावा. आशा कार्यकर्तीच्या कार्यक्षेत्रात गाडीतळ आणि फड यांचाही समावेश व्हावा. काविळीच्या कोणत्याही रुग्णाला डॉक्टरांनी ‘काय खाल्ले?’ याबरोबरच ‘दीड महिन्यापूर्वी कोठे होतात आणि कोणते पाणी पीत होतात?’ हेही विचारावे आणि ते उत्तर केसपेपरवर लिहावे. बीडच्या आरोग्य केंद्रात लिहिलेले हे एक वाक्य सोलापूरच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले, तर दहा गावांत विखुरलेले तुकडे जुळून एका विहिरीचे चित्र तयार होईल. पूरग्रस्तांच्या बाबतीतही हेच लागू आहे. पाणी ओसरल्यावर दोन महिने त्या पट्ट्यातील विहिरींची तपासणी चालू राहिली पाहिजे. मदतीचा हिशेब पंधरा दिवसांत मिटला तरी रोगाचा हिशेब तेवढ्यात मिटत नाही.

हा केवळ परोपकाराचा प्रश्न आहे असे शहरातील नोकरदार वर्गाने मानू नये. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेत उतरते आणि उजनीत साठते. नदीला तालुक्याच्या आणि वर्गाच्या सीमा ठाऊक नसतात. गेली अनेक वर्षे सोलापूर शहराने काही दिवसांआड येणाऱ्या नळाची सवय करून घेतली. आणि जी जलवाहिनी बहुतेक वेळ रिकामी राहते ती फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी ओढून घेते, हे अभियंत्यांना चांगले ठाऊक आहे. दिल्लीची साथ छावणीत झाली नव्हती; ती राजधानीच्या नळांतून आली होती. माणसाची विष्ठा आणि माणसाचे पाणी यांच्यामधली भिंत जेथे खचते तेथे हा रोग येतो. विस्थापितांपाशी ती भिंत कधी बांधलेलीच नसते, एवढेच.

सोलापूर जिल्ह्यात उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन काट्यावर होते, पावती फाटते आणि टनाचा किलोमध्ये हिशेब लागतो. त्या गाडीमागे चालणाऱ्या माणसांनी काल कोणते पाणी प्यायले याचीही एक ओळ त्याच कचेरीत लिहिली जावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. हंगाम दरसाल येणार आहे, पूरही येणार आहेत. या रोगाला उपचार थोडा आहे, पण त्याच्याकडून मिळणारी मुदत मोठी आहे: पाणी दूषित होणे आणि माणूस आजारी पडणे यांच्यात तो पाच-सहा आठवडे देतो. आजवर ती मुदत विसरण्यासाठी वापरली गेली. तीच त्या विहिरीचा शोध घेण्यासाठी, पुढची टोळी तेथे उतरण्यापूर्वी ती बंद करण्यासाठी आणि त्या टोळीतील गर्भवतीला वेळेत रुग्णालयात नेण्यासाठी वापरता येईल. त्यासाठी वही हवी, आणि ती कोणी लिहायची हे पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरायला हवे.